सकाळी डावा

कापशीनं गोळी तीनदा थुंकली,
चौथ्यांदा माझा अंगठा फोडला.
मग मुल्लाणी डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं.
कानात, आतल्या अंगाला, तुरीच्या डाळीएवढं.
सकाळी डावा, संध्याकाळी उजवा.
"आणि मोजा घाला हातात,
नाहीतर निम्मं औषध तुम्हालाच."

मला हसू आलं.
सुभाषनगरात चाळीस वर्षं कातडं भिजवलं, ठोकलं,
तेल पाजलं.
कातडं पितं, हे मला सांगताय?
जन्मभर चपलांना कान लावलेत मी.

पण हा कान ऊन आहे.
बल्बासमोर धरला तर
शिरा दिसतात, वेणीच्या वादीपेक्षा बारीक,
आणि माझ्या बोटाखाली काहीतरी
भराभरा पळतंय.

कुठला झाला, कुठला राहिला, विसरतो.
म्हणून ठोकळ्यावर खडूनं रेघ मारतो.
मोज्याचा चटकन आवाज झाला
की ही जोडांच्या ढिगाखाली.
शेपूट मात्र बाहेरच.

चोळून झालं की कान झटकते,
शिव्या दिल्यासारखं बघते,
आणि येऊन मांडीवरच बसते.

मी मोजा काढतो. साबणानं हात धुतो.
मगच पाठीवरनं फिरवतो,
कान सोडून.
अंगठ्याला घट्टे आहेत, तरी
तिचं हाड न् हाड लागतं.