डेड स्टॉक : नग एक

सागवानी पेटी. नग एक.
आत पोलादी स्वरकाटा, कार्बनचं बटण, दोन गुंडाळ्या.
सहा व्होल्टवर सेकंदाला हजार कंपनं.
शेरा –
इथं समितीनं पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलंय : बंद.
मी फक्त शाईनं गिरवायचंय.

बाहेर खासबागचा भंगारवाला टेम्पो लावून उभा.

तळाशी विलायती कारखान्याचं पितळी नाव, बोटांनी पुसलेलं,
झाकणावर पांढऱ्या रंगात मराठी आकडा,
त्यावर तिरकी कन्नड चिठ्ठी.
भरमू म्हणायचा, "काय बी चिकटवा की ह्येला,
ह्यो आपला एकच सूर धरतोय."

भरमू कंग्राळकर, प्रयोगशाळेचा शिपाई,
एका कानानं ठार बहिरा –
तरणा असताना साखर कारखान्यात
भोंग्याखालीच ड्युटी.
दमट दिवसांत कार्बनचे कण एकमेकांना धरून बसायचे,
बटण दाबलं तरी पेटी मुकी.
सर स्क्रूड्रायव्हर शोधत असायचे.
भरमू यायचा, मधल्या बोटाच्या पेरानं
ठक. ठक.
खानापूरच्या बाजारात फणस पारखावा तसं.
मग कान नव्हे, दात लावायचा :
लाकडी पट्टीचं एक टोक पेटीवर, दुसरं दाढांत,
डोळे मिटून.
"हां. बंतु. उठला."

पोरं भुंगा म्हणायची. पेटीला.
पाठीमागं भरमूलाही.

मी हेडफोन पहिल्यांदा लावले तेव्हा सतरा वर्षांची,
वेणी काळ्या बॅकेलाइटच्या वाट्यांत अडकलेली.
ब्रिजच्या तबकड्या फिरवायच्या,
भुणभुण बारीक, बारीक करत न्यायची,
विरेल तिथला आकडा वहीत.
घरी सहा भावंडं, भिंतीला लागून पिठाची गिरणी –
काहीच ऐकू न येण्याला गुण मिळतात
हे मला तिथं कळलं.

पण ती पुरती विरायचीच नाही.
तळाशी एक चिरका धागा उरायचा,
हजाराच्या दुपटीचा, तिपटीचा.
सर म्हणाले, तो सोडून द्यायचा.
मी अजून सोडलेला नाही.

आज तारा जोडल्या. काही नाही.
झाकणावर रुपयाएवढी जागा फिकट आहे,
भरमूच्या पेरानं पॉलिश उडालेली. तिथंच ठोकलं.
काही नाही.

तिसऱ्या गेटावरून मालगाडी गेली.
कपाटाच्या काचा थरथरल्या, मग थांबल्या,
आणि काचा थांबल्या तरी
काहीतरी थांबेना.

माझेही कान आता भरवशाचे नाहीत.
दार लोटलं. पट्टी घेतली.
निवृत्तीला तीन आठवडे उरलेली बाई, दाढांत फूटपट्टी,
लाळ हनुवटीवर,
आणि जबड्याच्या हाडात मुंग्यांची रांग
कानाकडं निघालेली.

टेम्पोचा हॉर्न.
शेऱ्याच्या रकान्यात जागा इंचभर.
पेन्सिल खोडताना कागद जरा फाटला.
लिहिलं :
मालगाडी गेल्यावर चालू.
सही केली. तारीख राहिली.