नो

सातपूरच्या महापालिका शाळेतली सातवी ब
संध्याकाळी साडेसातनंतर आमची.
बाकं लहान. पुंडलिक गांगुर्डेंचे गुडघे
बाकाखाली मावत नाहीत, म्हणून ते तिरके बसतात,
एक पाय कायम दाराकडे.
पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पळायच्या तयारीत.

वीस वर्षं मी कॉलेज रोडच्या शाळेत
लाल शाईनं इंग्रजी शिकवलं.
'ही गो' लिहिणाऱ्या पोरांना
शेपटी लावत राहिले: गोज, गोज, गोज.
किती पोरं बोलायचीच थांबली, त्याची नोंद
कुठल्या प्रगतिपुस्तकात नाही.

इथंही पुस्तक आणलं होतं पहिल्या दिवशी.
त्यात एक मिस्टर ब्राउन होते, त्यांचं कुत्रं होतं,
आणि ते सारखे स्टेशनचा रस्ता विचारत होते.
रोशनबी अत्तार म्हणाली, 'मॅडम, ह्यांना
नाशिकरोडच्या बसमध्ये बसवा आणि मोकळं करा.'
खोली हसली. मीही.
पुस्तक पिशवीत गेलं, येताना घेतलेल्या मेथीखाली.

मग विचारलं, कुणाला काय सांगायचंय इंग्रजीत?

गांगुर्डेंचा नातू कॅनडात. फोनवर 'हाय' म्हणतो
आणि थांबतो.
'त्या थांबण्याच्या पुढचं शिकवा.'
रोशनबीला आईच्या फायलीतलं वाचायचं होतं,
डॉक्टर जे मोठ्यानं सांगत नाहीत ते.
तांबट आळीतले विश्वनाथ म्हणाले,
'गिऱ्हाईक विचारतं, हॅन्डमेड? मी म्हणतो, येस.
पण हे खळगे हातोडीचे, खोट नव्हे,
एवढं लांब मला जाता येत नाही.'
मग स्वतःच उठून निघाले:
'आय बीट. देन फायर. देन अगेन आय बीट.'
माझा हात पेनाकडे गेलेला.
तो तिथंच ठेवून मी विचारलं, मधे फायर कशाला?
'नुसतं ठोकत राहिलं तर तांबं आडमुठं होतं, मॅडम.
तडकतं.
मधून मधून भट्टीत घालून मऊ करून घ्यावं लागतं.'

मी खुर्चीत बसले.
भट्टी नसलेली वीस वर्षं
ठण ठण वाजत होती.

कमल पगारे महिनाभर काही बोलली नव्हती.
अंबडला पॅकिंगला असते, आठला येते, धापा टाकत.
त्या दिवशी म्हणाली, 'मला फक्त नाही म्हणायला शिकवा.'
मराठीत येतंच की.
'मराठीतलं सुपरवायझरला ऐकू जात नाही.
सुट्टी झाल्यावरही म्हणतो, अजून दोन पेट्या.'

मी फळ्यावर दोन शब्द लिहिले.
एक नकाराचा, एक माहीत असण्याचा.
दोन्ही म्हणायचे, नो.
'दुसऱ्यात के आहे, पण तो बोलत नाही.'
'गप बसतो?'
'हो.'
'मग काढून का टाकत नाहीत?'
'काढला तर अर्थच जातो.'

ती त्या केकडे बघत राहिली.
पूर्वी अशा वेळी मी उत्तर देऊन टाकायचे,
शांततेला घाबरून.
त्र्यंबक रोडवरून एक एसटी गेली, मग दुसरी.
विश्वनाथांनी खडूचा तुकडा बोटांत फिरवला.

'आय,' ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं,
'नो.'

यातलं एक वाक्य व्याकरणात बसतं,
दुसरं बसत नाही.
आपल्या लिपीत दोन्ही सारखीच दिसतात.
कुठलं, ते मी विचारलं नाही.

मंगळवारी ती साडेसातलाच आली,
वेणी नीट घातलेली, हातात नवी वही.
गांगुर्डेंनी गुडघा आवरून वाट दिली,
आणि फार अदबीनं म्हणाले, 'गुड नाइट.'
'गुड नाइट,' ती म्हणाली,
आणि तास सुरू झाला.