कमर बावीस

इग्नेशिया डिमेलो पिशवीतून काढते
जुन्या चादरीत गुंडाळलेला झगा,
मशीनवरचे फॉल कोपराने सारते नि म्हणते,
नातीच्या शाळेत वेशभूषा आहे शुक्रवारी,
जरा आत घे, जरा उसव,
तुला कळतं ना त्यातलं.

मला काय कळणार.
चरईतल्या या गाळ्यात एकोणीस वर्षं
मी ब्लाउज शिवते, पिको करते.
पण कापड समोर आलं की हात थांबत नाही,
मी झगा उलटा करते.
सुलटी बाजू लोकांसाठी असते.

बाहेरून सुक्या सोड्यांचा रंग.
शिवणीच्या आत, जिथे ऊन पोचलं नाही,
तिथे अजून पिकलं जांभूळ.
अस्तरात काड्या, नऊ,
देवमाशाच्या म्हणे,
एक मोडलेली, डाव्या बरगडीखाली.
मोडल्यावरही बाई घालतच होती :
टोचू नये म्हणून टोकाला चिंधी शिवलीय,
चिंधी खणाची,
टाका घाईचा, उलट्या तिरक्याचा,
डावखुऱ्या हाताचा.

काखेत घामाचे नकाशे एकावर एक,
कडेला मिठाची पांढरी रेघ.
साहेब मिठाच्या खात्यात होता, इग्नेशिया सांगते,
भाईंदरपासून बेलापूरपर्यंत
आगरातला खडा न खडा मोजायचा,
कर लावायचा.
एवढं मीठ तेवढं सुटलं त्याच्या वहीतून.

कमरेच्या शिवणी दोनदा उसवल्यात,
जुन्या टाक्यांची भोकं रांगेत दिसतात.
मग पुन्हा आत घेतल्यात,
पहिल्याहून आत.
मी बोट ठेवते.
पोर होतं म्हणे, ती म्हणते, पावसाळ्यात गेलं.
नायतर ताप असेल नुसता. कोणी नीट सांगितलं नाय.
शिवणही एवढंच सांगते :
वाढली, घटली.

आणि तुमच्याकडे कसा?

पणजी आया होती त्यांच्याकडे.
बदली झाली, बोटीची घाई,
तीन महिन्यांचा पगार राहिला,
त्याच्या बदल्यात हा.
घातला कधी?
छे, दंडातच शिरेना तिच्या.
विकायला गेली तर घेणार कोण, खाडीवर मासळी विकणाऱ्या बाया?
तेव्हापासून ते तीन महिने
आमच्या ट्रंकेत पडून आहेत.

नात आत येते, जोआना, अकरा वर्षांची,
हातात कुरकुऱ्यांचं पाकीट.
मी टेप लावते. बावीस.
झग्याला टेप लावते. बावीस.
पुन्हा लावते.
आत घ्यायला काही नाही, उसवायला काही नाही.

हुक लावता लावता गंजाने माझी बोटं तांबूस होतात.
हात वर कर पाहू.
पोरीचा हात खांद्याशी अडकतो.
आजी, वर जातच नाय!
मग ती केस कशी विंचरायची?

पंखा फिरतो.
इग्नेशिया माझी टेप उचलून गुंडाळत बसते,
डाव्या हाताने,
फार घट्ट.

तेवढ्यात पोर ओरडते, खिसा!
मागच्या चुण्यांत, कुणाला दिसणार नाही असा.
माझी निम्मी गिऱ्हाइकं अजून खिसा मागतात
आणि मी म्हणते, फिटिंग बिघडेल.
जोआना हात घालते,
बोट खालून बाहेर येतं. फाटलाय.

तेवढा शिवून देते मी, दुहेरी दोऱ्याने.
वीस रुपये.
इग्नेशिया पन्नासची नोट ठेवते. सुटे नसतात माझ्याकडे.
राहू दे गं, पुढच्या वेळी.
पोर झगा उचलून पायऱ्या उतरते,
घेर चपलांवर, हात अंगाला चिकटलेले,
पाकीट आजीने धरलेलं.

मी वही उघडते, लिहून ठेवते :
डिमेलो,
तीस देणे.