डावा पट्टा

जांभळी नाक्याच्या आत, ताडपत्रीवाल्यांच्या गल्लीत
याकूबभाई सॅक उलटी करून झटकतात
तेव्हा तळातून पडते
कुठल्या तरी डोंगराची माती, करवंदाच्या दोन बिया
आणि काडेपेटीतली एक काडी, गूल अजून शाबूत.

"कितीदा शिवायची हो हिला?"
दर दोन वर्षांनी ते हेच विचारतात
आणि दोरा मेणावरून ओढायला घेतात.

मुलीनं नवी दिलीय. पोपटी.
छातीच्या बक्कलमध्ये शिट्टीसुद्धा आहे.
येऊरला नेली एकदा.
पाठीवर काही आहे असं वाटलंच नाही,
आणि तेच खटकत राहिलं.

ही खांद्यावर येते ती हक्कानं,
चुलीचा धूर, रॉकेल, न वाळलेले मोजे
सगळ्यांचा वास घेऊन.
टोपाच्या काठानं तळाला पाडलेली गोल झीज,
तिच्यावर जीन्सचं ठिगळ,
ठिगळाला पुन्हा ठिगळ.
कमरेचा बंद भंगारातल्या गाडीच्या सीटबेल्टचा.
चेनवर मेणबत्ती घासली की
अजून बिनबोभाट उघडते.

याकूबभाई पट्टे ताणून बघतात.
"डावा जास्त खाल्लाय.
पण तुम्ही तर उजव्यावर लटकवून आलात."

मग सांगावं लागतं.
चौऱ्याण्णव साली रतनगडाच्या गुहेत
पहाटेच्या अंधारात दोन सारख्या सॅक होत्या.
नौपाड्यात घरी येऊन उघडली तर
आत कुणाचा तरी स्वेटर, अर्धी भाकरी,
औषधाच्या डबीत सुईदोरा.
नाव नाही. पत्ता नाही.
स्वेटर धुऊन ठेवला, दोन महिने वाट पाहिली,
तिसऱ्या महिन्यात हरिश्चंद्रगड होता.

तर डाव्या पट्ट्यावरचे हे पहिले टाके
त्या माणसाचे. बारीक, एका मापाचे.
त्यांच्यावरचे ओबडधोबड माझे.
बाकीचे तुमचे.

माझीही असेल कुठे तरी,
कळव्यात, नाहीतर जुन्नरला एखाद्या माळ्यावर,
किंवा नसेलही.
असलीच, तर तिचा उजवा पट्टा
आधी विरला असणार,
आणि कुणी तरी त्यालाही विचारलं असेल.

याकूबभाई दातानं दोरा तोडतात.
"जुने टाके उसवत नाही," म्हणतात,
"बाजूनं एक शिवण मारतो.
साठ रुपये. संध्याकाळी या."