समुद्र, उलट्या अक्षरांत

मिलानमध्ये, कालव्याच्या काठी,
शिळाछापखान्याच्या मागच्या खोलीत
एर्सिलिया मंगळावर नावं लिहिते आहे.
उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखी.
दगडावर उलटं, म्हणजे कागदावर सुलटं;
आणि दुर्बिणीत तर मुळातच सगळं उलटं,
दक्षिण वर, उत्तर खाली.
दोन उलट मिळून एक सुलट होतं का,
असं तिनं एकदा मालकांना विचारलं होतं.
सिन्योर माझोला म्हणाले, शाई वाळतेय.

वेधशाळेतून चिठ्ठ्या येतात, तिरप्या अक्षरांत:
मारे चिमेरियुम. मारे एरित्रेउम. मारे सिरेनुम.
सिनुस म्हणजे आखात, लाकुस म्हणजे तळं, पालुस दलदल.
लॅटिन तिला येते ती चर्चपुरती,
गुडघ्यांवर बसून, अर्थावाचून.
'मारे'चं अनेकवचन 'मारिया'
हे कळलं त्या दिवशी ती जरा थबकली:
म्हणजे इतकी वर्षं आपण
समुद्रांनाच हात जोडत होतो की काय?

समुद्र तिनं पाहिलेला नाही.
पाणी म्हणजे हा कालवा,
वाळूचे पडाव, कोबीची पानं,
फळीवर वाकून साबण घासणाऱ्या बायका,
ऑगस्टमधला वास.
समुद्र पाहिला अदेल्मोनं, तिच्या भावानं.
जेनोआच्या धक्क्यावरून एकच पत्र:
'लांबून काळा दिसतो. जवळ गेलो
तर कसलाच रंग नाही.'
पुढे ब्वेनोस आयरेस.
पुढे काही नाही.

तिकडे वर कुणीतरी काचेला डोळा लावून
असंच लांबून पाहतं.
काळं दिसलं की समुद्र,
थोडंसंच काळं असलं की आखात.
बारसं चाललंय,
आणि बाळ कुणी मांडीवर घेतलेलं नाही.
एका डागाला तर मोत्यांचं आखात म्हटलंय,
मार्गारितिफेर सिनुस,
दगडावर जेमतेम चार बोटं.
तिथे बुडी कोण मारणार, शिंपले कोण उघडणार,
चिठ्ठीत लिहिलेलं नाही.

मराठीत लिहिताना मला एक सोय आहे
जी एर्सिलियाला नव्हती:
आपल्याकडे नाव पाण्यावरही चालते.
लॅटिननं अख्खा ताफा सोडला त्या कोरड्यात
आणि एकही बुडाली नाही.

दगडाचा नियम साधा.
चरबीच्या शाईनं जे काढाल
ते पाणी झिडकारतं.
छापण्याआधी ती ओला स्पंज फिरवते.
कोऱ्या जागा, ज्यांना नकाशा वाळवंट म्हणतो,
ओल धरून बसतात.
समुद्रांवरून मात्र पाणी
थेंब थेंब होऊन पळतं.
चिमेरियुम कोरडा. एरित्रेउम कोरडा.
सिरेनुमवर ती मुद्दाम दोनदा फिरवते.
कोरडा.

त्याच आठवड्यात चूक झाली.
पहिला छाप उचलला
तर एका समुद्राचं नाव उलटं आलेलं.
दगडावर तिनं ते सरळ लिहिलं होतं,
माणूस माणसाला पत्र लिहितो तसं.
मालक ओरडले नाहीत, अर्धा दिवस कापला.
तिनं वज्री घेतली, बादली घेतली,
आणि समुद्र खरवडून काढला,
कोपरापर्यंत काळी होऊन.

चाळीसेक वर्षांनी
शेजारच्या मुलीनं तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं.
तिथे समुद्र नाहीत म्हणे.
खडक असावा, धूळ असावी,
वाऱ्यानं कधी झाकलेली, कधी उघडी टाकलेली.
नावं तेवढी राहतील.

एर्सिलिया वाटाणे सोलत होती.
म्हणाली, स्पंज तेव्हाच सांगत होता.
मग बऱ्याच वेळानं,
वाटीतले दाणे बोटानं सारखे करत:
तारीख बघ गं त्यावरची.
नाही, पेपरावरची नाही.
त्या खणातल्या पत्रावरची.