कोरडा दिवस

दुसऱ्या मजल्यावर मी. नगररचना, आरेखक.
तळमजल्यावर आरोग्य विभाग.
मध्ये एकच जिना, पिचकाऱ्यांनी रंगलेला,
आणि अकरा वर्षं
आम्ही त्या जिन्यावर फक्त एकमेकांना वाट करून दिली.

दसरा उलटला होता. ऊन मात्र हलायला तयार नव्हतं.
सुलक्षणा हिवराळे वर आली
तेव्हा टेबलावर जालना पसरलेलं होतं,
तीन कोपऱ्यांवर पेपरवेट, चौथ्यावर चहाचा ग्लास.
कुंडलिकेची रेघ, स्टील कारखान्यांचे राखाडी चौकोन,
मंजूर रस्ते तांबडे, नामंजूर तुटक.
साहेब, पंख्याखाली बसू का जरा, म्हणाली,
आणि पिशवीतून रजिस्टर काढलं.

आम्ही दारोदार जातो. सांगतो,
आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.
भांडी रिकामी करा, कडा घासा, उन्हात पालथी घाला.
बाया हसतात, साहेब.
भागूबाई पाचफुलेनं टिपाडावर झाकण ठेवलं,
झाकणावर दगड, दगडावर हात.
म्हणली, माय, नळ येतो नवव्या दिसाला.
आठ दिस कोरडेच असतेत.
त्यातला कोंचा पाळू?

मी पेन्सिलीला टोक करत होतो.

गप्पी मासे सोडले, ते पोरांनी बाटलीत भरून शाळेत नेले.
धूर मारला. धूर गल्लीभर फिरला, निघून गेला,
टिपाडं जिथल्या तिथं.
तापाचे एक्केचाळीस.
एक सातवीतला, मुजीब. गोवराची लस
मीच टोचली होती त्याला.
इथं तिनं पान उलटलं. उलटलेलं पान कोरं होतं,
तरी ती बराच वेळ वाचत राहिली.

मग म्हणाली, आमची रांजणगल्ली दाखवा ह्यात.

मी नावानं शोधली, सर्व्हे नंबरानं शोधली.
शेवटी तीच वाकली,
रूळ ओलांडून, गिरणीला वळसा घालून
रोजच्या पायवाटेनं बोट नेलं,
आणि बोट थांबलं
सूचीच्या चौकटीवर.
जिथं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:
निळी रेघ, जलवाहिनी. तुटक निळी, प्रस्तावित.
वर उत्तरेचा बाण.
ह्याच्या खाली हाय, ती म्हणाली.
दोनशे बारा घरं.

कागदावर तेवढाच कोपरा मोकळा होता.
मोकळा दिसला होता.
बाण फार देखणा आला म्हणून
साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती.

जेवणाच्या सुट्टीत ट्रेसिंग पेपर अंथरला.
ती घर सांगायची, मी ठिपका द्यायचो. लाल.
एक्केचाळीस झाले तेव्हा डबे उघडायचे राहून गेले होते.
चौकटीला ठिपक्यांचा वेढा पडला होता
आणि चौकटीत सगळ्या खुणांचा अर्थ होता,
लाल ठिपक्याचा तेवढा नव्हता.

पुढं कार्यवाही म्हणतात ती.
फाईल जिना उतरली, चढली, दिवाळीत हरवली,
कपाटामागं सापडली.
पाणीपुरवठ्याचे जिगे म्हणाले, तिकडं दाब पुरायचा नाही.
आणते दाब, सुलक्षणा म्हणाली,
आणि सोमवारी चाळीस बाया जिन्यावर बसवल्या,
प्रत्येकीच्या मांडीवर रिकामी घागर.

व्हॉल्व्ह मे महिन्यात बसला.
आता तिसऱ्या दिवशी येतं. कधी चौथ्या.
नव्या नकाशात सूचीला जागा उरली नाही,
तिला वेगळी पट्टी चिकटवली, जरा तिरकी गेलीय.
साहेब नाराज आहेत.

परवा तिच्याबरोबर गेलो होतो.
भागूबाईच्या दारात टिपाड पालथं,
त्यावर बसून एक माणूस दाढी करून घेत होता,
न्हावी म्हणत होता, हलू नका, हलू नका.
सुलक्षणानं वाकून कड बघितली, नखानं खरवडली,
रजिस्टरात बरोबरची खूण केली.
मग मला गल्लीच्या पलीकडं नेलं,
नाल्यावरच्या फळीवरून, जपून.
इथं अजून नववा दिवस, म्हणाली.
पेन्सिल आणलीय ना?