पोटखराब

सातबाऱ्यावर म्हसोबाच्या डोंगराचं नाव नाही.
तिथं एकच शब्द: पोटखराब.
तलाठी भाऊसाहेबांनी त्यावर बोट ठेवलं,
म्हणाले, नापीक आहे, तुमचं काय जातंय?

मी सोनवळच्या शाळेतला शिपाई.
एकतीस वर्षं लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजवतोय.
शाळेचं घड्याळ भूकंपाच्या साली बंद पडलं,
तेव्हापासून सकाळच्या शाळेला डोंगरच घड्याळ.
व्हरांड्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या,
ही माघाची, ही फाल्गुनाची, ही चैत्राची.
सावली उतरत उतरत रेघेशी आली
की घंटा.
रंग दिला की पुन्हा ओढायच्या, त्याच जागी.
नऊ हेडमास्तर बदलले,
रेघ हलली नाही.

आधी मुरूम गेला. रस्त्याला पाहिजेच होता,
पहिल्या टिप्परला आम्हीच नारळ फोडला.
मग खडी क्रशर.
मग दुपारी दोनचा सुरुंग,
फळ्यावरचा खडू आपोआप खाली पडायचा,
पोरं हसायची.
कड्यावरची आग्या मोहळं उठून गावावरून गेली
त्या दिवशी कुणी दार उघडलं नाही.
प्रयागबाईच्या बोअरला आठवडाभर पांढरं पाणी आलं,
नंतर नुसती हवा, शिट्टी घालत.
तुरीची शेंग सोलली तर दाताखाली कचकच.

यल्लप्पा धोत्रेनं गावातल्या निम्म्या घरांचे
पाटे-वरवंटे घडवलेत.
तो म्हणाला, "दगडाला नस असती.
कान लावायचा, मग एकच घाव.
हे तर पिसाळल्यावानी चावतंय."
पण त्याचाच तिम्मा क्रशरवर हायवा चालवतो.
ग्रामसभेत हात वर झाले तेव्हा
यल्लप्पा स्वतःच्या हाताकडं बघत बसला,
जणू तो कुणी विसरून गेलेला हातोडा.

ठराव झाला. ठरावाला आवक नंबर मिळाला.
नंबराला उत्तर मिळालं नाही.

मग बाया रस्त्यावर बसल्या.
पहिली गाडी तिम्माची.
मध्यभागी त्याची आई नागूबाई,
सुपात ज्वारी निवडत, मान वर न करता.
बराच वेळ त्यानं इंजिन चालू ठेवलं.
मग बंद केलं. खाली उतरला. पाणी मागितलं.
तांब्या हातोहात फिरत त्याच्यापर्यंत पोचला
तेव्हा दोन घोट उरले होते
आणि तळाला पांढरा गाळ.
तो प्याला. बोलला काही नाही.
दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर
उदगीरकडचा कुणी नवा ड्रायव्हर होता.

पंचनाम्याला साहेब आले तो फाल्गुनातला शनिवार.
क्रशर बंद. टँकरनं रस्ता धुतलेला.
मी त्यांना व्हरांड्यात नेलं, रेघ दाखवली,
म्हटलं, साहेब, घंटेच्या वेळी ऊन इथं असायचं,
आज दीड वीत खाली आहे,
एवढा डोंगर गेला.
साहेब चांगला माणूस. भिंतीला हात लावून बघितलं.
बोटाला कोळसा लागला, तो रुमालाला पुसला.
"मामा, रेघ पुरावा होत नाही."
आणि कागदावर लिहून घेतलं,
जागेवर धूळ आढळून आली नाही.
जीप निघाली तेव्हा तिच्या मागच्या काचेवर
चौथीतल्या सकिनानं बोटानं लिहिलेलं होतं:
धूळ.
ऱ्हस्व धु काढला होता.
गुरुजी ओरडले नाहीत.

आता तारीख लागली आहे. पुढची तारीखही लागेल.

सकाळी मी लिंबाखाली उभा राहतो.
ऊन रेघेला लागतं, पोरं ओरडतात,
मामा, आलं की ऊन, द्या घंटा!
मोबाईल बघतो. अकरा मिनिटं आहेत.
थांबा, म्हणतो,
अजून डोंगर आहे.